उतारावर बंद पडलेलं इंजिन

अल्लाउद्दीन मिस्त्रींचं कुणी कौतुक केलं की मला राग येतो, आणि त्यांना कुणी नावं ठेवली की त्याहून जास्त येतो. राग हा माझा जोडधंदा आहे असं माझी मुलगी समीक्षा म्हणते. लोणावळ्यात जुन्या हायवेला माझं गाड्यांच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. काउंटरच्या पलीकडे दिवसभर पुरुष उभे असतात आणि मला माझ्याच दुकानातल्या वस्तूंची नावं शिकवत असतात. एकवीस वर्षं हे ऐकून कुणाचा स्वभाव गोड राहील? तेव्हा मी जे सांगणार आहे ते रागातच सांगणार. गोड हवं असेल त्यानं पुढच्या चौकात जाऊन चिक्की घ्यावी.

मिस्त्रींना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांचं गॅरेज वलवणला. गाडी घाट चढून धापा टाकत वर आली की पहिली सपाटी लागते, तिथं. मूळचे ते बेगडेवाडीचे. वडील तिथं सायकलींचं पंक्चर काढायचे. चौदाव्या वर्षी चाचा ट्रकवर क्लीनर म्हणून चढले आणि एकदा वलवणला ट्रक उकळून बंद पडला तेव्हा जे खाली उतरले ते तिथलेच झाले. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. हसिनाचाचीशी लग्न तिथंच, मुलगा माज तिथंच झाला, गॅरेजचा पत्रा तीनदा उडाला आणि तीनदा तिथंच बसवला.

गाडी उकळून आली की बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उघडतात. चाचा आधी माठाकडे जातात. "आदी डायवरला पानी, मंग गाडीला," हा त्यांचा नियम. तोपर्यंत इंजिन थोडं निवतं आणि डायवरही निवतो. मग उलटा हात रेडिएटरवर धरायचा, फडकं घालून झाकण सोडायचं आणि शेवटी दोन बोल्ट काढून थर्मोस्टॅट बाहेर. थर्मोस्टॅट म्हणजे पितळेची एक वाटीएवढी झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापलं की आपोआप उघडते. जुनी झाली की कधीकधी उघडत नाही, मग इंजिन उकळतं. घाटमाथ्यावरच्या सगळ्या मिस्त्रींचा तिच्यावर एकच इलाज, काढून फेका. नवी कुणी बसवत नाही. झडपच नसली तर अडकणार काय? पाणी सतत फिरत राहतं, इंजिन गार राहतं, गिऱ्हाईक खूश. चाचा काढलेल्या झडपा फेकत मात्र नसत. गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक लांब तार होती, तीत ओवून ठेवत. शेकड्यांनी होत्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ही आमची डिग्री."

माझे मिस्टर गेले आणि मी दुकानात बसायला लागले, तेव्हा येणारा प्रत्येक जण विचारायचा, "घरात कोण माणूस न्हाई का?" चाचा पहिल्या दिवशी आले, तुटका फॅनबेल्ट काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "असला दे, पोरी." एवढंच. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी भांडायला मी तयार असते, त्यांच्याशीसुद्धा.

आता आदिनाथशेठ. बेडशाच्या लेण्यांखाली शेतं घेऊन त्यांचे प्लॉट पाडून विकणारा माणूस. त्याच्या डोक्यात विमान शिरलं. विकत घेतलेलं नव्हे, घरी बांधलेलं. बाहेरच्या देशात लोक असं करतात, नकाशे मिळतात, नळ्या आणि कापड आणून शेडमध्ये दोन माणसांचं विमान जोडतात. त्यानंही कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये जोडलं. सांगाडा चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. अडलं इंजिनापाशी. विमानाचं खरं इंजिन मागवायचं तर वर्ष-दीड वर्ष वाट बघा. मग कुणीतरी त्याला सांगितलं की अशा विमानांना गाडीचं इंजिनही बसवतात, फक्त बसवणारा हात पाहिजे. शेठ वलवणला आला आणि चाचांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चाचा, मावळचं विमान मावळच्या मिस्त्रीच्या हातानं उडालं पाहिजे."

मला विचारलं असतं तर मी तिथंच सांगितलं असतं, की हा माणूस जमिनीवर धड चालत नाही, ह्याला कशाला वर पाठवताय. मला कुणी विचारलं नाही. चाचांचे डोळे लकाकले होते. साठीच्या माणसाला असं लकाकताना बघितलं की बोलवत नाही.

त्यांनी मोडीत निघालेल्या जिप्सीचं तेराशे सीसीचं इंजिन उचललं. सात महिने. गाडीचं इंजिन ताकद देतं ते फार जोरात फिरल्यावर, आणि विमानाचा पंखा तेवढ्या जोरात फिरवून चालत नाही. म्हणून मध्ये दातेरी पट्टा घालून वेग निम्म्यावर आणायचा. गाडीला ठिणगीची एकच सोय असते, विमानात एक गेली तर दुसरी हवी, म्हणून दुसरी कॉइल. आणि वजन. प्रत्येक नट भंगारवाल्याच्या काट्यावर चढायचा. चाचा दुकानात येऊन विचारायचे, "ह्यो क्लिप हलका न्हाई का मिळत?" आणि मी म्हणायचे, "चाचा, क्लिपाला काय उपास घालू?"

गाडीत इंजिन पूर्ण जोरावर मिनिटभरसुद्धा चालवावं लागत नाही, विमानात तासभर चालवावं लागतं. म्हणून चाचांनी इंजिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधून गॅरेजमागे पूर्ण जोरावर चालवलं. रोज दोन तास, महिनाभर. वलवणच्या लोकांनी शिव्या दिल्या, हसिनाचाचीनं कानात कापूस घातला, शाळेतून चिठ्ठी आली. इंजिन एकदाही उकळलं नाही. चाचांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती, तापण्याची, आणि तिच्यावर त्यांनी मात केली होती.

त्याच महिन्यातली एक दुपार. चाचा आले, सोबत नकाशाबरोबर आलेली कागदांची चवड. इंग्रजी. समीक्षा इंजिनीअरिंगला आहे, ती काउंटरवर बसून त्यांना वाचून दाखवायची. एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "चाचा, इथं लिहिलंय, थर्मोस्टॅट काढू नका. ठळक अक्षरात लिहिलंय."

चाचांनी डोकं खाजवलं. "हाय का तुज्याकडं?" मला विचारलं.

होता. वरच्या फळीवर, चार वर्षं धूळ खात पडलेला एकच. मी उतरवला, पुसला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळहातावर तोलला. ते त्या दिवशी खरंच बसवणार होते, हे मी शपथेवर सांगते. आणि मी काय म्हणाले तेही सांगते. मी म्हणाले, "काय चाचा. आयुष्यभर सगळ्या मावळाचे काढलेत आणि आता स्वतःच बसवणार? अडकला वर जाऊन, तर काढायला कोण येणार? आणि वजन वाढेल ते वेगळंच. तिकडच्या थंडीतल्या लोकांनी लिहिलंय ते. ठेवा तो."

समीक्षा म्हणाली, "आई, कारण असेल काहीतरी." मी म्हणाले, "तू परीक्षा दे."

चाचा हसले. "खरं हाय तुजं," म्हणाले आणि झडप काउंटरवर ठेवून निघून गेले. मी ती परत फळीवर टाकली.

विमान उडवायला पवन होता. बेडशाचाच, सरुबाईचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा. कामशेतच्या बाजूला छत्र्या बांधून डोंगरावरून उड्या मारतात ना, त्या पॅराग्लायडिंगवाल्यांकडे तो पर्यटकांना पुढ्यात बांधून उडवायचा. इंजिनाची छोटी विमानं चालवायचंही रीतसर शिकला होता. शांत पोरगा. पुढ्यात बांधलेली बाई किंचाळत असली तरी हा तिला खालची गावं दाखवत असायचा. त्याच्या त्या धंद्यात नावावर सगळं चालतं. ह्याच्या हाताला दगा नाही, एवढं एकच वाक्य लोकांच्या तोंडी असावं लागतं.

परवानगीचे कागद आले, चाचणीची उड्डाणं ठरली. पहिली दोन छान झाली. शेडपुढच्या मैदानातून वर, भोवती एकेक चक्कर आणि खाली. तिसरं कार्तिकातल्या एका सकाळी. पवना धरणावर धुकं होतं, गवत ओलं. शेठला त्या दिवशी प्लॉटच्या जाहिरातीसाठी वरून धरणाचे फोटो हवे होते, म्हणून विमानाला कॅमेरा लावला आणि पवनला सांगितलं, डोंगराच्या वर जा. पवन गेला. फोटो झाले. मग इंजिन हळू करून तो लांबून, सावकाश खाली यायला लागला. आम्ही सगळे शेडपाशी उभे होतो. आवाज अगदी मंद झाला होता, शिट्टीसारखा वारा ऐकू येत होता. मैदान जवळ आल्यावर त्यानं जोर वाढवला, तेव्हा इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं.

तो मैदानापर्यंत पोचला नाही. भात कापलेल्या खाचरांत उतरवलं त्यानं, आणि उतरवलंही असतं नीट, पण चाक बांधाला अडकलं आणि विमान नाकावर उलटलं. पवनचं कमरेचं हाड मोडलं. त्याला बाहेर काढताना चाचांच्या हातांना कापड आणि नळ्या लागून रक्त येत होतं. ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

आता इथून माझा खरा राग सुरू होतो.

त्याच दुपारी शेठनं सगळ्यांसमोर इंजिनाला बॅटरी लावली. पंखा तुटला होता, पण इंजिन धड होतं. एका सेल्फमध्ये चालू झालं. कसं सुरेख चाललं, काय सांगू. शेठ ओरडला नाही, उलट हळू आवाजात म्हणाला, "बघा. इंजिन खणखणीत आहे. म्हणजे पोराचंच काहीतरी चुकलं. पेट्रोलचा कॉक चुकून फिरवला असणार." त्याला विमान जायला नको होतं. मावळचं विमान बिघडलं असं झालं, तर पुढचे त्याचे बेत गेले. पोरगा बिघडला असं झालं, तर दुसरा पोरगा मिळतो.

आणि चाचा? चाचांनी मान डोलावली. मला त्यांचा आजवर एवढा संताप कधी आला नव्हता. दवाखान्यात न्यायला पवनचं सामान घ्यायला आलेली सरुबाई तिथंच उभी होती, पदरानं तोंड दाबून. चाचा तिला म्हणाले, "सरुबाई, माजं इंजिन बंद पडत न्हाई. पोराचं लक्ष न्हवतं आसंल." अभिमान हा वाईट माणसांनाच असतो असं कुणी सांगितलं? चांगल्या माणसाचा अभिमान जास्त वाईट, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. संध्याकाळपर्यंत बेडशापासून वलवणपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की पवननं पेट्रोल बंद केलं. खुद्द चाचा म्हणाले म्हटल्यावर कोण शंका घेणार?

दवाखान्यातून पवन घरी आला, खाटेवर पडून. चाचा भेटायला गेले, मीही गेले. पवननं तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, "चाचा, कॉक मी फिरवला न्हाई. पेट्रोल तुटलं असतं तर झटक्यात मेलं असतं. हे गुदमरून मेलं. आणि एक सांगतो, पाण्याचा काटा पार तळाला गेलता. मला वाटलं, बरंय, गार हाय."

चाचा खाटेकडे सरकले. "तळाला?" त्यांनी विचारलं.

"तळाला. खाली येताना."

परत येताना चाचा माझ्या गाडीतल्या पाण्याच्या काट्याकडे बघत बसले. मी दोनदा शेठला शिव्या दिल्या. घरापाशी उतरताना म्हणाले, "सारिका, तुजी पिकअप दे सकाळी. आनि ती झडप हाय का अजून?"

पुन्हा तयार करायला म्हणून शेठनं इंजिन गॅरेजवर पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ते पिकअपच्या हौद्यात बांधलं, रेडिएटर वाऱ्याकडे तोंड करून. चाचा इंजिनापाशी बसले, मी गाडी चालवली. लोणावळ्याहून पवनेकडे जाताना दुधिवरे खिंडीचा उतार लागतो, धुक्यात भिजलेला. खिंडीत त्यांनी इंजिन चालू करून चांगलं गरम होऊ दिलं. मग मंद ठेवलं आणि मला म्हणाले, चल. पाच-सहा मिनिटं आम्ही उतरत होतो. खाली सपाटीला आल्यावर त्यांनी जोर दिला. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं.

मी गाडी थांबवून मागे चढले. चाचांनी कार्ब्युरेटरवरची नळी काढली होती. आत बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर पांढरं काहीतरी होतं. बर्फ. मावळात, दव पडलेल्या सकाळी, चालत्या इंजिनाच्या पोटात बर्फ. पेट्रोलची वाफ होताना गारठा पडतो, ओल्या हवेत त्याचा बर्फ धरतो. एरवी कार्ब्युरेटरच्या बुडाशी इंजिनाचं गरम पाणी फिरत असतं, म्हणून तो धरत नाही. पण उतारावर इंजिन हळू चालतं, वारा जोरात लागतो, आणि झडप नसली की सगळं पाणी गार होतं. मी फोन काढून फोटो घेतला, तोवर त्याचं पाणी होऊन त्यांच्या मनगटावर ओघळलं. अपघाताच्या दिवशीही दुपारपर्यंत बर्फ असाच वितळून गेला होता, म्हणूनच इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं होतं.

आम्ही परत खिंडीत गेलो. पुन्हा उतरलो, पुन्हा मेलं. मग रस्त्याकडेला बसून चाचांनी माझ्या फळीवरची ती धूळ खाल्लेली झडप बसवली. तिसऱ्यांदा उतरलो. खाली आल्यावर त्यांनी जोर दिला आणि इंजिन असं गर्जून उठलं की रस्त्यातल्या म्हशी पळाल्या.

चाचा खाली उतरून मैलाच्या दगडावर बसले. म्हणाले, "चाळीस वरसं घाट चढून आलेल्या गाड्याच बगितल्या मी. उतारावरच्या गाडीला मिस्त्री कशाला लागतोय? मला ठाऊकच न्हाई उतार." मग म्हणाले, "चल बेडशाला. पोराला सांगू."

आणि मी म्हणाले, थांबा.

हे सांगताना मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणाले, घरात जाऊन सांगून काय उपयोग? पुढच्या आठवड्यात पुण्याहून हौशी विमानवाल्यांच्या मंडळाचे राजेंद्रसाहेब चौकशीला येणार आहेत, सगळ्यांसमोर बोला, तोपर्यंत गप्प राहा, नाहीतर शेठ काहीतरी डाव टाकेल. मी म्हणाले, तुमचा मुलगा माज तळेगावची नोकरी सोडून गॅरेजमध्ये यायचं म्हणतोय, त्याचा विचार करा. सगळं त्यांच्या भल्याचं सांगितलं. माझ्या दुकानाचं नाव मी घेतलं नाही. ती झडप नको म्हणून कोणी सांगितलं होतं, हेही मी काढलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

चाचांनी बोटांवरचं ग्रीस फडक्याला पुसलं. शेवटी म्हणाले, "तू म्हनतीस तर ऱ्हाऊ दे." कागद वाचल्या दिवशीही त्यांनी असंच माझं ऐकलं होतं.

ते नऊ दिवस. चाचा रोज हसिनाचाचीनं केलेलं कालवण घेऊन बेडशाला जायचे आणि पवनच्या खाटेपाशी बसायचे. तिकडे पॅराग्लायडिंगवाल्यांनी आपल्या पाटीवरून पवनचा फोटो उतरवला. सरुबाई डेअरीवर दूध घालायला गेली की बाया आपापसात बोलायच्या थांबायच्या. एक तर तिला म्हणाली, "बरं झालं बाई, कुनी म्होरं बसलं न्हवतं, न्हाईतर त्यो जीवानिशी गेला आसता." सरुबाईनं हे मला दुकानात येऊन सांगितलं. मी तिला चहा पाजला आणि त्या बाईला शिव्या घातल्या. शिव्या घालायला मला कधी कमी पडलेलं नाही.

दहाव्या दिवशी शेठच्या शेडमध्ये सगळे जमले. राजेंद्रसाहेब म्हणजे विमानांच्या कामातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. पवनला खुर्चीत बसवून आणलं होतं. शेठनं फोटो दाखवले, मग चाचांकडे वळून म्हणाला, "आमचे मिस्त्री सांगतील. इंजिनात काही दोष होता का, चाचा?"

चाचा उठले. "व्हता," म्हणाले. "झडप काडली व्हती. कागदात लिवलं व्हतं काडू नगा, तरी काडली. त्यानं बर्फ धरला. पोराचं कायबी चुकलं न्हाई. मी त्याच्या आईला खोटं बोललो."

शेठ हसून म्हणाला, "चाचा, तुम्ही दमलाय. तुम्हाला पोराची दया येतेय, ते मी समजू शकतो." चाचांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुधिवरे खिंडीत तीन वेळा काय झालं ते त्यांनी राजेंद्रसाहेबांना एकेक बोल्ट धरून सांगितलं. मी फोटो दाखवला. साहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "हे लेखी द्या."

चाचांना सही येते, मोठं लिहायला वेळ लागतो. म्हणून कागद माझ्यापुढे आला. ते सांगत होते, मी लिहीत होते. माझं नाव अल्लाउद्दीन, राहणार वलवण. इंजिन मी बसवलं. पवनकडून कसलीही चूक झाली नाही. हे ऐकताच सरुबाई म्हणाली, "ते येवडं दोनदा लिव, बाई." मी दोनदा लिहिलं.

मग राजेंद्रसाहेबांनी विचारलं, "कागदात स्पष्ट सूचना असताना झडप न बसवण्याचा निर्णय कुणाचा?"

"माजा," चाचा म्हणाले. "कुनी सांगितलं न्हाई. लिव, सारिका. कुनी सांगितलं न्हाई."

माझं पेन थांबलं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते मुद्दाम दाराबाहेर बघत होते. मला त्या माणसाचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना काय अधिकार माझं झाकायचा? मी कागदावर लिहिलं, की मिस्त्री झडप घ्यायला दुकानात आले होते, घेऊन हातात धरून उभे होते, आणि दुकानाच्या मालकीण सारिका यांनी ती बसवू नका म्हणून सांगितलं. मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"खोड ते," चाचा म्हणाले.

"खोडणार नाही."

"दुकानदाराचा काय संबंध? मिस्त्री मी हाय का तू?"

"मग माझं ऐकलं कशाला?"

आम्ही तिथंच, पाहुण्यांसमोर, भांडलो. शेवटी राजेंद्रसाहेबांनी कागद ओढून घेतला आणि दोघांच्याही सह्या घेतल्या. शेठ फोन कानाला लावून बाहेर निघून गेला होता. सरुबाई चाचांपाशी आली, त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. त्यांनी घेतला.

मला वाटलं, झालं. खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटत होतं. आपण आपलं नाव स्वतःहून लिहिलं, त्याचं. मी पवनच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, "पवन, पाटीवर तुझा फोटो परत लागेल आता. मी स्वतः जाऊन लावायला सांगते."

पवननं मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "ताई, चाचांनी झडप काडली तवा त्यांना ठाऊक न्हवतं काय होईल ते. तुमालाबी न्हवतं. त्येचं मला काय न्हाई." मग थोडा थांबला. "पन हे नऊ दिस चाचा माझ्या उशाशी बसून रोज रडत होते. मी विचारलं तर सांगायचे, सारिका म्हनली थांबा. तुमी कशासाठी थांबवलं त्यांना?"

मी तोंड उघडलं. चाचांचं गॅरेज, माजची नोकरी, शेठचा डाव, सगळं ओठावर होतं. त्यातलं एकही त्याच्यासमोर बोलता येईना. बाहेर शेठची गाडी चालू झाली. पवन माझ्या उत्तराची वाट बघत बसून होता.